घरकुल द्या, आणि दुरुस्तीलाही पैसा द्या

घरकुलाची यादी लागली की आपल्या साखऱ्यात, आणि सेनगाव तालुक्यातल्या बहुतेक गावांत, पहिलं काम निघतं ते जेसीबी सांगायचं. गावठाणात दुसरी जागा नसते. मग जुनं माळवद पाडायचं, दगडमाती ट्रॉलीत भरून ओढ्याच्या कडंला टाकायची आणि त्याच जागेवर 269 चौरस फुटांचं नवं घर उभं करायचं. आज्या-पणज्याचं घर दोन-तीन तासांत भुईसपाट होतं. त्यातल्या सागवानी खांबांचा आणि तुळयांचा सौदा तर जेसीबी यायच्या आधीच झालेला असतो.

आधीच सांगतो, ही पोस्ट घरकुलाच्या विरोधात नाही. कुडाच्या, पाचटाच्या, फाटक्या ताडपत्रीच्या आडोशाला राहणाऱ्या माणसाला पक्कं घर मिळालंच पाहिजे, आणि आजही ज्यांना मिळालं नाही त्यांच्या बातम्या मी लिहितोच. माझा प्रश्न वेगळा आहे. गेल्या आठ-दहा वर्षांत आपण जी जुनी घरं पाडली, त्यातली खरंच पाडायला झालेली किती होती? पाडायच्या आधी कुण्या इंजिनिअरनं भिंतीला हात लावून पाहिलं का? जिओ टॅगिंगसाठी जुन्या घरासमोर मालकाला उभं करून फोटो काढतात, तेवढीच काय ती तपासणी.

याचं कारण साधं आहे. पैसा फक्त नव्या घराला मिळतो. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये सपाट भागात 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. त्यात रोजगार हमीची 90 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार वेगळे. 2025 मध्ये राज्य सरकारनं त्यात 50 हजारांची भर घालायचं ठरवलं, त्यातले 15 हजार सौरऊर्जेसाठी. आणि ही रक्कम ज्याचं घर "कच्चं" त्यालाच. सरकारी व्याख्येत मातीची भिंत कच्ची, न भाजलेली वीट कच्ची, चुना-सिमेंट न भरता रचलेला दगडही कच्चाच. मग ती भिंत दोन हात रुंद असो की शंभर पावसाळे काढलेली असो. म्हणजे आपल्या भागातली निम्मी जुनी वस्ती एका शब्दात कच्ची ठरली, आणि तिला पक्कं करायचा एकच रस्ता उरला, तो म्हणजे पाडणं.

हे असंच पहिल्यापासून नव्हतं. जुन्या इंदिरा आवास योजनेत 1999-2000 पासून 20 टक्क्यांपर्यंत निधी कच्च्या घरांच्या सुधारणेसाठी राखलेला होता. रक्कम तुटपुंजी होती, आधी 10 हजार, नंतर 15 हजारांपर्यंत गेली. पण "असलेलं घर सुधारायचं" ही कल्पना तरी योजनेत होती. 2016 ला नवी योजना आली आणि ते कलमच गेलं.

आता कुणी म्हणेल, "पत्रकार साहेब, दगडमातीचं घर म्हणजे मरण. किल्लारी विसरलात काय?"

विसरलो नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. लातूर-उस्मानाबादमध्ये आठ-दहा हजार माणसं गेली. मी तेव्हा शाळेत होतो. आपला भाग परभणी जिल्ह्यात होता आणि इथंसुद्धा कितीतरी दिवस लोक अंगणात झोपत होते. तेव्हापासून मराठवाड्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली की दगडमातीनं माणसं मारली.

पण तिथं जाऊन ज्यांनी पडलेली आणि उभी राहिलेली घरं तपासली, त्या अभ्यासकांनी काय लिहून ठेवलंय ते वाचण्यासारखं आहे. पहिली गोष्ट, माळवदावरचा मातीचा थर. दर मृगाच्या आधी नवी पांढरी माती टाकायची, जुनी काढायची नाही. असं करत करत कित्येक घरांवर दोन-दोन फूट माती झालेली होती. एवढं ओझं डोक्यावर घेऊन घर हललं. दुसरी गोष्ट, भिंत. बाहेरून आणि आतून नीट दगड लावलेले, आणि मधल्या पोटात बारीक दगड, खडे, माती. दोन्ही बाजू एकमेकींना बांधणारा आरपार दगडच नाही. हादरा बसला की भिंत उभी फाटते आणि दोन बाजू दोन दिशांना जातात. तिसरी गोष्ट मात्र आपल्या सुतारांना शाबासकी देणारी आहे. ज्या खणाच्या घरात छपराचं ओझं लाकडी खांबांवर होतं आणि सांधे मजबूत होते, तिथं भिंती पडल्या तरी खांब-तुळयांचा सांगाडा पुष्कळ ठिकाणी उभा राहिला.

म्हणजे दोष कुठं आहे आणि बळ कुठं आहे, हे दोन्ही तेव्हाच कळलं होतं. आणि उपायही तयार होते. रुरकी विद्यापीठात (आताची आयआयटी) प्रा. आनंद स्वरूप आर्य यांच्यासारख्या माणसांनी साध्या दगड-विटांच्या घरांवर कित्येक वर्षं काम केलं होतं. रेल्वेच्या वॅगनवर छोटी घरं बांधायची, दुसरी वॅगन आणून धडकवायची आणि घर कुठं फाटतं ते बघायचं. या आणि अशाच कामातून भारतीय मानक संस्थेचे नियम आले. मातीच्या घरांसाठी 13827, कमकुवत दगडकामासाठी 13828, आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्ती-मजबुतीसाठी 13935. तिन्हींवर साल आहे 1993. ज्या वर्षी किल्लारी झाली, त्याच वर्षी घर कसं सावरायचं याचं पुस्तक देशात छापलेलं होतं.

किल्लारीनंतर त्यातलं बरंच मराठवाड्यात वापरलंही गेलं. जागतिक बँकेच्या कर्जातून 52 गावांचं पूर्ण पुनर्वसन झालं हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच कार्यक्रमात सुमारे 2 लाख घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणाचाही भाग होता, तो फारसा कुणाच्या लक्षात नाही. गावागावात महिला मंडळांच्या बायांना "संवाद सहायक" नेमलं होतं, त्यांना ही कामं समजावून दिली होती. अहमदाबादचे अभियंता राजेंद्र देसाई आणि वास्तुविशारद रूपल देसाई यांनी याच भागात जुनी दगडी घरं न पाडता मजबूत करून दाखवली, आणि पुढं गुजरातपासून काश्मीरपर्यंत तेच काम नेलं. तरी मजबुतीकरणापेक्षा नवी खोली बांधायकडंच बहुतेकांचा ओढा राहिला. भीती ताजी होती, आणि सावरलेलं घर टिकतं यावर विश्वास बसायला वेळ लागतो. तो वेळ कुणी दिला नाही. कार्यक्रम संपला, फायली बंद झाल्या.

काम काय करायचं असतं ते सांगतो, कारण हे ऐकलं की लोकांना फार मोठं काहीतरी वाटतं.

एक, माळवदावरची जादा माती उतरवायची. वीतभर ठेवायची, खाली प्लॅस्टिकचा कागद टाकायचा म्हणजे गळणं थांबतं.

दोन, खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरके आधार ठोकायचे. लाकडाचे किंवा लोखंडी अँगलचे.

तीन, भिंतीत ठरावीक अंतरावर हलक्या हातानं एकेक दगड काढून आरपार भोक करायचं, त्यात वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरायचं. आतली आणि बाहेरची बाजू एकमेकींना बांधली जाते. हातोडा जोरात मारायचा नाही, एवढंच.

चार, दारं-खिडक्यांच्या वर आणि कोपऱ्यांना लोखंडी जाळी लावून सिमेंटची पट्टी मारायची. घराला कंबरपट्टा बांधल्यासारखं.

हे काम चांगला गवंडी आणि सुतार मिळून करू शकतात. पण त्यांना कुणीतरी एकदा दाखवलं पाहिजे, आणि मालकाला त्यासाठी पैसा मिळाला पाहिजे.

आता कुणी म्हणेल की किल्लारी दूर राहिली. तर 21 मार्च 2024 आठवा. सकाळी सहा वाजून गेल्यावर दहा-बारा मिनिटांच्या अंतरानं दोन धक्के, पहिला 4.5 रिश्टरचा. केंद्र आपल्याच जिल्ह्यात, कळमनुरीकडं. पुन्हा 10 जुलै 2024, सकाळी सव्वासातला, साधारण तेवढाच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचे लोक तर कित्येक वर्षांपासून जमिनीतल्या आवाजानं हैराण आहेत. मार्चच्या धक्क्यानंतर शेजारच्या नांदेडच्या प्रशासनानं काय आवाहन केलं होतं? पत्र्यावर वारं लागू नये म्हणून ठेवलेले दगड काढून घ्या. आवाहन बरोबरच होतं, पण किल्लारीला 30 वर्षं होऊन गेल्यावर, एवढं संशोधन हाताशी असताना, लोकांपर्यंत पोचलेली गोष्ट एवढीच. दगड काढा. भिंतीचं काय करा, माळवदाचं काय करा, हे सांगायला कुणी दारात आलं नाही.

आणि ज्यांची घरकुलं झाली त्यांनी निवांत व्हावं असंही नाही. पैसे पुरत नाहीत म्हणून अर्ध्या जुन्या भिंतीवर नवी वीट चढवलेली, बीम न बांधता नुसते अँगल टाकून पत्रे मारलेले, अशी घरं मी तालुक्यात कितीतरी पाहिलीत. कागदावर ती पक्की आहेत.

आता दुसरा मुद्दा. हल्ली जगभरातल्या विद्यापीठांत एक विषय जोरात आहे: असलेल्या इमारती पाडण्याऐवजी, निघालेलं सामान पुन्हा वापरून, कमीत कमी कार्बन हवेत सोडून त्या नव्यासारख्या कशा करायच्या. युरोपीय संघानं 2020 मध्ये जाहीर केलं की 2030 पर्यंत साडेतीन कोटी इमारतींचं नूतनीकरण करायचं. फ्रान्सच्या बोर्डो शहरात 1960 च्या दशकातल्या, पाडायचा विचार चाललेल्या तीन इमारतींमधली 530 घरं, एकाही कुटुंबाला बाहेर न काढता मोठी आणि उजेडाची करून दिली. ते करणाऱ्या मंडळींमधल्या आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल या दोघांना 2021 चं प्रिट्झकर, म्हणजे वास्तुकलेतलं नोबेलच समजा, मिळालं.

साखऱ्याला त्याचं काय, असं वाटेल. सांगतो.

सिमेंट म्हणजे भाजलेली चुनखडी. शुद्ध चुनखडी शंभर किलो भाजली की 44 किलो कार्बन डायऑक्साइड तिच्यातूनच बाहेर पडतो. जळणाचा धूर वेगळाच. जगाच्या एकूण कार्बनमध्ये सिमेंटचा वाटा 7-8 टक्के धरतात. गवंड्यांचा ढोबळ हिशोब असा की स्लॅबच्या घराला चौरस फुटामागं 0.4 पोतं सिमेंट लागतं, म्हणजे एका घरकुलाला शंभरेक पोती. 5 टन सिमेंट, त्यामागं साधारण 3 टन कार्बन, शिवाय सळई आणि भट्टीची वीट. दुरुस्तीला त्यातली थोडीच पोती लागतात, कारण भिंत आधीच उभी आहे. तिच्यासाठी जे दगड फोडायचे, जी माती वाहायची, ते पणज्यानं करून ठेवलंय.

नवीनच बांधायचं असेल तर त्यातही शहाणपण आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1974 ला ग्रामीण भागासाठी "अस्त्र" नावाचं केंद्र निघालं. तिथल्या के. एस. जगदीश आणि बी. व्ही. वेंकटराम रेड्डी या प्राध्यापकांनी थोडं सिमेंट घालून दाबलेल्या मातीच्या विटांवर आयुष्य घातलं. 2003 च्या त्यांच्या अभ्यासात अशा विटांचं दुमजली घर भाजलेल्या विटांच्या घरापेक्षा जवळपास निम्म्या ऊर्जेत उभं राहतं असं निघालं. आपल्या पाडलेल्या भिंतींची माती अशाच कामाला येऊ शकते. ती आपण ओढ्यात टाकतो.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जगाचा कार्बन कमी करायची जबाबदारी साखऱ्याच्या शेतमजुरावर टाकू नका. ज्यानं आयुष्यात विमान बघितलं ते वरून जाताना, त्याला पर्यावरणाच्या नावावर मातीच्या घरात राहा म्हणणं हा निर्लज्जपणा होईल. मी दुरुस्तीची बाजू घेतोय ती त्याच्या फायद्यासाठी. कार्बन वाचतो तो वर.

त्याचा फायदा काय? पहिला, कर्ज. 1 लाख 20 हजारांत आज घर होत नाही हे सरपंचापासून गटविकास अधिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे. वरचा पैसा सोयाबीनवर, हळदीवर नाहीतर सावकाराकडून उचलला जातो. दुसरा, ऊन. मे महिन्यात 42-43 डिग्री असताना चार-पाच इंचाचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री बारापर्यंत आग ओकतो. माळवदाची माती वीतभर केली तरी ती स्लॅबपेक्षा आणि पत्र्यापेक्षा कितीतरी थंड राहते. गावात फिरून बघा, नव्या घरकुलाचा मालक दुपारी कुठं झोपतो? शेजाऱ्याच्या ढाळजेत. तिसरा, जागा. जुन्या घरात बळद होतं, ओसरी होती, गोठ्याला आडोसा होता. 269 चौरस फुटांत हळदीची पोती ठेवायची कुठं आणि म्हातारीची खाट टाकायची कुठं?

दुसरी बाजूही खरी आहे, ती लपवत नाही. माळवद सांभाळायचं म्हणजे दरवर्षी माती चढवणं, लिंपणं, सारवणं आलं. हे काम पुरुषांनी केलेलं मी फारसं पाहिलेलं नाही. एक मावशी मला स्पष्ट म्हणाल्या, "भाऊ, तुमाला गार वाटते, आमचे हात झिजायलेत." त्यांचं खरं आहे. गळकं छप्पर, विंचू-काटा, वाळवी, सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांचं "घर पक्कं हाय का" हे सगळं खरं आहे. म्हणूनच जसं आहे तसं ठेवा असं मी म्हणत नाही. वरून पाणी आत येणार नाही, फरशी होईल, न्हाणी-संडास घरात येईल, भिंत बांधली जाईल, अशी दुरुस्ती पाहिजे. आणि जी भिंत पोटातून फुगलीय, जिचं लाकूड वाळवीनं पोकळ केलंय, ते घर पाडलंच पाहिजे. फक्त कुठलं पाडायचं आणि कुठलं सावरायचं हे जेसीबीवाल्यानं न ठरवता जाणकारानं ठरवावं.

हा जाणकार आणायचा कुठून? इथं माझी खरी तक्रार आहे. नांदेडला विष्णुपुरीत श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात भूशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. हिंगोलीत शासकीय तंत्रनिकेतन आहे. 2014 पासून केंद्राचं उन्नत भारत अभियान आहे, ज्यात संस्थांनी गावं दत्तक घ्यायची असतात. 2016 पासून राज्याचं उन्नत महाराष्ट्र अभियान आहे. आयआयटी मुंबईच्या पुढाकारातून ते आलं आणि त्याचा हेतूच हा की कॉलेजच्या पोरांनी आपल्या जिल्ह्याच्या पाण्या-रस्त्या-घरांचे प्रश्न प्रोजेक्ट म्हणून घ्यावेत. व्यवस्था कागदावर आहे, संस्था बसनं जाऊन येण्यासारख्या अंतरावर आहेत.

आणि होतं काय? शिबिर येतं, स्वच्छतेची फेरी निघते, झाडं लावतात, फोटो आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आम्ही छापतो. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाची पोरं प्रोजेक्ट कशाचा करतात? बहुमजली इमारतीचा. गावाकडच्या पोरालाही माळवदाची भिंत कशी तपासायची हे चार वर्षांत कुणी शिकवत नाही. दोष पोरांचा नाही. गुण ज्याला मिळतात तेच पोरं करणार.

शाळांचंही तेच. मराठवाड्यात निजामकालीन शाळाखोल्या धोकादायक म्हणून निर्लेखित करून नव्या बांधल्या जातायत. ज्या पडायला झाल्या त्या पाडाच, लेकरांच्या जिवाशी खेळ नको. पण निर्लेखनाचा अहवाल गावाला वाचायला मिळतो का? चुन्यातली दीड हाताची भिंत पाडून बांधलेली नवी खोली दहा वर्षांत गळायला लागते, हे पण आपण पाहतोच. पाडलेल्या शाळेचा घडीव दगड कुठं जातो हा वेगळ्या बातमीचा विषय आहे. केंद्रानं पाडकामाच्या राड्यारोड्यासाठी 2025 मध्ये नवे नियम काढले, 1 एप्रिल 2026 ही त्यांची तारीख. पण त्यातली मुख्य जबाबदारी 20 हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. आपल्या ओढ्याचं रक्षण त्यातून होणार नाही, ते ग्रामपंचायतीलाच करावं लागणार.

म्हणून मागण्या लिहितो. आमदार-खासदार, जिल्हा परिषद, आणि ही पोस्ट वाचणारे माझे सरपंच मित्र, सगळ्यांसाठी.

1. घरकुलात दुरुस्तीचा पर्याय परत आणा. ज्याचं जुनं घर सावरण्यासारखं आहे त्याला मजबुतीकरण, छप्पर, फरशी, संडास-न्हाणी यासाठी रक्कम द्या. निवड मालकाची राहू द्या.

2. पाडायच्या आधी तपासणी. तंत्रनिकेतन आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांसोबत पाठवा, त्याचे गुण द्या. सुरुवात पांगरा शिंदे आणि कळमनुरीकडच्या धक्के बसलेल्या गावांपासून करा.

3. ग्रामीण गवंडी प्रशिक्षणाची 45 दिवसांची सोय घरकुल योजनेतच आहे. त्यात जुनी दगडमातीची भिंत सावरण्याचे काही दिवस घाला. प्रत्येक गणात एक घर नमुना म्हणून करून दाखवा. डोळ्यानं पाहिल्याशिवाय आपला माणूस विश्वास ठेवत नाही, आणि बरोबरच करतो.

4. शाळा आणि सरकारी इमारतींचा निर्लेखन अहवाल ग्रामसभेत वाचा. निघालेल्या दगड-लाकडाचा हिशोब फलकावर लावा.

पहिली मागणी दिल्लीची आहे, वेळ लागेल. चौथीला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. येत्या ग्रामसभेत ठराव मांडता येतो. दुसरीसाठी सरपंचाच्या लेटरहेडवर कॉलेजच्या प्राचार्यांना एक पत्र पुरतं. साखऱ्याचं पत्र लिहायला मी बसतो, सही ग्रामपंचायतीनं करावी.

तुमच्या गावात राहती माळवदं किती उरलीत, आणि त्यातली किती घरं या वर्षीच्या यादीत पाडायला निघालीत, ते खाली लिहा. गावाचं नाव आणि आकडा एवढंच लिहा, मालकाचं नाव नको. आकडे जमले की यादी घेऊन मी स्वतः हिंगोलीला जातो.